उशीतली आई

२०१५ च्या जून महिन्यात अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत एक खटला चालला. हे तेच शहर, ज्याच्या इंडिया स्क्वेअरमध्ये आपली मंडळी दिवाळीच्या तोंडावर भाजणीची पिशवी शोधत हिंडतात. खटला ग्राहकाच्या फसवणुकीचा होता. ‘जोना’ या ज्यू संस्थेनं समलिंगी तरुणांकडून ‘बरं करून देतो’ म्हणून पैसे घेतले आणि बरं काहीच झालं नाही, अशी फिर्याद. उपचार काय होते ते फिर्यादींनी सांगितलं. त्यातला एक असा: समोर उशी ठेवायची, ती आपली आई आहे असं धरायचं, आणि टेनिसच्या रॅकेटनं तिला बडवायचं. ज्युरीनं निकाल संस्थेच्या विरुद्ध दिला. त्याआधीच न्यायाधीशांनी संस्थेच्या बऱ्याचशा तज्ज्ञांना साक्षीपासून रोखलं होतं. समलिंगी असणं हा विकार आहे हे मत पृथ्वी सपाट असल्याच्या मताइतकंच कालबाह्य आणि खोडून निघालेलं आहे, असं त्यांनी लिहिलं.

मला त्या निकालापेक्षा ती उशी विसरता येईना. पुरुषानं पुरुषाशी संग करू नये हे लेवीय ग्रंथात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण आईनं मुलाला फार जवळ घेतलं म्हणून तो असा झाला, हे कुठे आहे? मोशेनं सांगितलेलं नाही, येशूनं नाही, पौलानंही नाही. मग धर्मनिष्ठ माणसांनी भरवलेल्या त्या खोलीत ही आई आली कुठून? या पुस्तकातले लेख त्या प्रश्नाचा माग काढता काढता झाले.

ती आली व्हिएन्नाहून. १९१० मध्ये सिग्मंड फ्रॉइडनं लिओनार्दो दा विंचीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. लिओनार्दोनं आपल्या वहीत तान्हेपणीची एक आठवण टिपून ठेवली होती: आपण पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्यानं शेपटीनं आपलं तोंड उघडलं. फ्रॉइडच्या हाती जे जर्मन भाषांतर होतं त्यात हा पक्षी गिधाड होता. गिधाडावरून फ्रॉइड इजिप्तच्या मुत या मातृदेवतेकडे गेला, तिथून ‘गिधाडांत नर नसतोच’ या प्राचीन समजुतीकडे, आणि तिथून बापाविना गेलेल्या बालपणाकडे: एकटी आई, तिचं ओसंडणारं प्रेम, आणि त्या प्रेमात अडकून पुरुषांकडे वळलेला मुलगा. गंमत अशी की लिओनार्दोनं लिहिलेला शब्द आहे ‘निब्बिओ’, म्हणजे घार. ही चूक दाखवून देणारं लिखाण १९२३ मध्ये छापूनही आलं. गिधाड उडून गेलं, आई मात्र राहिली. फ्रॉइडचा आधार केवळ एका पक्ष्यावर नव्हता, समोर रुग्णही होते, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण रुग्ण म्हणून आलेल्या माणसांवरून न आलेल्यांविषयी बोलायची खोड तिथूनच लागली.

आणखी दोन गोष्टी फ्रॉइडच्याच बाजूनं. एक, त्यानं बरं करण्याचं वचन कधी दिलं नाही. १९३० मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा कायदा रद्द व्हावा म्हणून निघालेल्या जाहीर निवेदनावर त्याची सही आहे. दुसरी, धर्माला तो सबंध मानवजातीचा मंत्रचळ समजे. अशा माणसाच्या बासनातली एक कल्पना पुढे चर्चच्या तळघरातल्या प्रार्थनावर्गांत पोचली.

मधला मुक्काम न्यूयॉर्कचा. फ्रॉइड १९३९ मध्ये लंडनला वारला, आणि लगेच पुढच्या वर्षी शांदोर राडो या हंगेरीहून आलेल्या विश्लेषकानं माणूस मुळात उभयलिंगी ओढीचा असतो ही फ्रॉइडची पायाभूत धारणा मोडीत काढली. स्त्रीपुरुषांची ओढ हीच निसर्गाची. बाकी सगळं भीतीपोटी आलेलं. भीतीपोटी आलेलं म्हणजे घालवता येण्याजोगं. इथे ‘उपचार’ हा शब्द आत शिरला. १९६२ मध्ये अर्व्हिंग बीबर आणि सहकाऱ्यांनी १०६ समलिंगी आणि १०० भिन्नलिंगी पुरुषांची तुलना छापली. घट्ट बिलगलेली आई आणि दुरावलेला किंवा शत्रूसारखा बाप, हे चित्र त्यात आकडेवारीसकट आलं. पण हे सगळे पुरुष मनोविश्लेषण घेणारे रुग्ण होते, आणि प्रश्नावल्या त्यांनी भरल्याच नव्हत्या. त्या भरल्या त्यांच्या विश्लेषकांनी. ज्यांना आधीपासून ठाऊक होतं की आई दोषी आहे, त्यांनीच आईविषयीच्या रकान्यांत खुणा केल्या.

हे वाचताना मला राहून राहून कोकण आठवत होतं. पिढ्यान्पिढ्या बाप मुंबईला गिरणीत, घरी आई आणि आजी, महिन्याची मनीऑर्डर, आणि बापाचं दर्शन शिमग्याला नि गणपतीला. बीबर खरा असता तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जनगणनेत काही वेगळंच दिसायला हवं होतं. आपल्याकडे ‘आईच्या पदराखाली वाढलाय’ असं म्हणतात, त्यात टोमणा असतो, निदान नसतं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याच टोमण्याला अंगरखा घातला.

बीबरच्या पाच वर्षं आधीच, १९५७ मध्ये, एव्हलिन हूकर या लॉस एंजेलिसच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट केली होती. त्यांनी उपचार न घेणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, वय, बुद्ध्यंक आणि शिक्षण पाहून त्यांच्या जोड्या लावल्या, आणि त्यांच्या शाईच्या डागांच्या वगैरे चाचण्या नावं झाकून नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवल्या. यातला समलिंगी कोणता ते ओळखा. तज्ज्ञांना ओळखता येईना. विकार असेल तर तो दिसायला हवा, आणि दिसत तर नव्हता. तरी विकारांच्या यादीतून ते नाव निघायला आणखी सोळा वर्षं लागली. १९७२ मध्ये डॅलसला मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनात जॉन फ्रायर नावाचा मनोविकारतज्ज्ञ रबरी मुखवटा आणि ढगळ सूट घालून, आवाज बदलणाऱ्या मायक्रोफोनवरून आपल्याच व्यवसायबंधूंना सांगत होता की मी समलिंगी आहे आणि मी मनोविकारतज्ज्ञ आहे. नाव दिलं असतं तर नोकरी गेली असती. १५ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या विश्वस्तांनी ते नाव यादीतून काढलं. विश्लेषक मंडळींनी आग्रह धरून सगळ्या सभासदांचं मतदान घ्यायला लावलं; १९७४ मध्ये ५८ टक्के मतांनी निर्णय कायम राहिला. विज्ञानाचा प्रश्न मतपेटीनं सुटला अशी टीका आजही होते. मतपेटी मागितली कुणी, हे टीकाकार सांगत नाहीत.

त्याच १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘लव्ह इन अ‍ॅक्शन’ ही ख्रिस्ती संस्था सुरू झाली, आणि १९७६ मध्ये अशा गटांची मिळून ‘एक्झोडस’ ही संघटना उभी राहिली. मानसशास्त्रानं घराबाहेर काढलेला हा भाडेकरू चर्चच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटून बसला.

चर्चनं त्याला जागा का दिली? इथे जरा थांबतो, कारण मला या पुस्तकात म्हणायचं आहे ते इथे आहे. धर्मग्रंथांत कृती आहे. ती निषिद्ध आहे, तिला शिक्षा आहे, तिच्यासाठी पश्चात्ताप आणि क्षमा आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाद्र्यापुढे येऊन बसणारा मुलगा वेगळंच सांगत होता: मी काहीच केलेलं नाही. मी लहानपणापासून रोज प्रार्थना करतो. तरी ओढ आहे. कबुली द्यायला कृतीच नव्हती. आणि त्या मुलाच्या मागे एक मोठा प्रश्न उभा होता. मी मागितलं नाही, निवडलं नाही, तर मग मला असं घडवलं कुणी? हा प्रश्न ईयोबाच्या जातीचा आहे. देवालाच साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावणारा. ‘ते पाप आहे’ एवढं म्हणून तो मिटत नव्हता. इथे बीबरचं चित्र हाताशी आलं. तुला देवानं असं घडवलेलं नाही. देवानं तुला नीटच घडवलं होतं. घरात काहीतरी बिघडलं. बापानं जवळ घेतलं नाही, आईनं सोडलं नाही. देव सुटला, आई अडकली.

यातला मायेचा भाग नाकारला तर विषयच कळणार नाही. ‘तू पापी आहेस’ याऐवजी ‘तू जखमी आहेस’ हे ऐकून किती तरुण त्या खोल्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडले असतील. पाप लपवावं लागतं, जखम दाखवता येते. जखम भरतेही, म्हणजे आशा आली. पण जखम म्हटलं की ती करणारा हातही शोधावा लागतो.

या नव्या भाषेचं व्याकरण लिहिलं एलिझाबेथ मोबर्ली या ब्रिटिश विदुषीनं, १९८३ मध्ये. शिक्षणानं ती धर्मशास्त्राची. दवाखाना चालवणारी नव्हे. तिनं सुई आईवरून बापाकडे सरकवली: मुलाला स्वतःच्याच लिंगाच्या पालकाकडून जे मिळालं नाही ते तो पुढे पुरुषांत शोधतो, म्हणजे ही ओढ तूट भरून काढायची धडपड आहे. म्हणून औषध काय? पुरुषांची निखळ मैत्री. जोसेफ निकोलोसी या कॅथलिक मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये यावरच आपली ‘रिपेरेटिव्ह थेरपी’ उभी केली, आणि पुढच्या वर्षी चार्ल्स सोकरिडीस आणि बेंजामिन कॉफमन यांच्याबरोबर ‘नार्थ’ ही संस्था काढली. त्याच्या दवाखान्याचं नाव होतं थॉमस अक्वायनास सायकॉलॉजिकल क्लिनिक. तेराव्या शतकातला संत आणि विसाव्या शतकातला बाद झालेला सिद्धांत, दोघे एकाच पाटीवर.

मग मुलांना चेंडू खेळायला लावा, मुलींना मेकअप शिकवा, बापानं मुलाला बरोबर घेऊन आंघोळ करावी, अशा गोष्टी धर्माच्या नावानं सांगितल्या जाऊ लागल्या. ‘फोकस ऑन द फॅमिली’चे जेम्स डॉब्सन यांनी त्या घराघरांत नेल्या. डॉब्सन पाद्री नव्हते, बालमानसशास्त्रज्ञ होते, हे विसरू नये. रविवारी चर्चला येणाऱ्या आईबापांना आता बायबलबरोबर एक तपासयादीही मिळाली. मुलगा बाहुलीशी खेळतो का? बापापासून दूर बसतो का? मुलानं पुढे घरी येऊन खरं सांगितलं की आई आपल्या आयुष्याची वही उघडून बसे: नेमकं कुठल्या वर्षी चुकलं? तो दोष बायबलनं दिला नव्हता. तो बाद झालेल्या पुस्तकातून आला होता.

सगळे पंथ सारखे फसले असं मात्र नाही. मॉर्मन पंथात स्पेन्सर किमबॉल यांनी १९६९ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हस्तमैथुनातून समलिंगी वर्तनाकडे वाट जाते असं लिहिलं. म्हणजे तिथे अठराव्या शतकातली भीती विसाव्या शतकातल्या भीतीला जोडली गेली. व्हॅटिकनचं वळण निराळं. १९७५ च्या तिथल्या घोषणापत्रात चुकीचं संगोपन, वाईट उदाहरण, उपजत वृत्ती अशी कारणांची वर्गवारी मानसशास्त्रातून उचललेली दिसते. पण १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात चर्चनं सरळ मान्य केलं की या ओढीची मानसिक उत्पत्ती बरीचशी अज्ञात आहे. निषेध तसाच ठेवून कारणाबद्दल अज्ञान कबूल करणं, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. तो प्रामाणिकपणा टिकला नाही. २००५ मध्ये पाद्री होऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी काढलेल्या सूचनेत ‘भावनिक परिपक्वता’ आली, आणि स्त्रीपुरुषांशी नीट नातं जोडण्यात या मंडळींना अडथळा येतो हे विधानही. हूकर बाईंच्या चाचण्यांना तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

या कथेतला सर्वांत करुण माणूस रॉबर्ट स्पिट्झर. १९७३ चा निर्णय घडवून आणण्यात ज्याचा मोठा हात होता तोच. १९९९ मध्ये अधिवेशनाबाहेर ‘आम्ही बदललो आहोत’ असे फलक घेऊन उभ्या असलेल्या लोकांशी तो बोलला आणि त्याला वाटलं, खरंच विचारून पाहावं. त्यानं २०० जणांना फोन केले, साधारण पाऊण तासाच्या मुलाखती घेतल्या, आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापला की काही अत्यंत इच्छुक माणसं बदलू शकतात. त्यातले बरेचसे अशा संस्थांनी आणि नार्थनंच सुचवलेले होते. जो माणूस आपल्या बदललेपणावरच भाषणं करतो त्याला ‘बदललात का?’ विचारायचं आणि तो ‘हो’ म्हणाला की लिहून घ्यायचं. नास्तिक ज्यू स्पिट्झर जगभरच्या धर्मोपदेशकांचा लाडका पुरावा झाला. २०१२ मध्ये, पार्किन्सन्सनं थकलेला, ऐंशीला टेकलेला असताना, त्यानं लेखी माफी मागितली. उत्तर देणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याला आपल्याकडे आधार नव्हता, हे त्यानं मान्य केलं. असं मान्य करायला जे लागतं ते मला फार थोड्या विद्वानांत दिसलं आहे.

आणि एक्झोडस? तिचा एक संस्थापक आणि तिथलाच एक कार्यकर्ता १९७९ मध्येच एकमेकांच्या प्रेमात पडून बाहेर गेले होते. संघटना तरी चालत राहिली. शेवटचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी २०१२ मध्ये सांगितलं की मला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्क्यांची ओढ बदललेली नाही. १९ जून २०१३ रोजी माफी मागून त्यांनी सदतीस वर्षांची संघटना बंद केली. त्यानंतर बऱ्याच ख्रिस्ती संस्थांनी ‘बदल’ हा शब्द सोडून ब्रह्मचर्याचा आग्रह धरला. म्हणजे पुन्हा कृतीवर आले; जिथून निघाले होते तिथे. पण ‘तुटलेपण’, ‘बापाची जखम’ हे शब्द प्रवचनांत राहिले. ते कुणाचे होते हे आता ऐकणाऱ्यालाही ठाऊक नाही, सांगणाऱ्यालाही नाही.

मराठी वाचकाला हे परक्याचं वाटू नये म्हणून एक शेजारचं उदाहरण. १७६० मध्ये टिसो या स्विस डॉक्टरचं हस्तमैथुनावरचं फ्रेंच पुस्तक निघालं: त्यानं दृष्टी जाते, मेंदू झिजतो, माणूस वेडा होतो. ही भीती वैद्यकानं शंभर-दीडशे वर्षं सांभाळली आणि सोडून दिली. आपल्याकडे ती शुक्राला सातवा धातू मानणाऱ्या आयुर्वेदावर आणि ब्रह्मचर्याच्या आदर्शावर इतकी चपखल बसली, की मुंबईच्या लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या गुप्तरोगाच्या भिंती जणू वेदकाळापासून रंगवलेल्या वाटाव्यात. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या अशाच प्रश्नांना साधी उत्तरं देत होते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं, आणि ते हरले. कर्वे तेव्हा अद्ययावत शास्त्र सांगत होते. संस्कृतीच्या नावानं ज्याचं रक्षण झालं त्यातला बराचसा ऐवज युरोपातून आलेला होता.

समलिंगी माणसांबद्दल आपल्याकडे ‘विकृती’ आणि ‘अनैसर्गिक’ हे दोन शब्द सर्रास चालतात. पहिल्याला मनोविकारशास्त्राचा वास आहे. दुसरा १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतला. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याच संहितेतलं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा एका प्रसिद्ध योगगुरूंनी हे व्यसन असून योगानं बरं होतं असं जाहीर केलं. व्यसन, बरं होणं: यातला कुठला शब्द पतंजलीचा? २०१८ मध्ये ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यानंतर, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. ते बंधन नोंदणीकृत डॉक्टरांवर आहे. बुवा, पाद्री, मौलवी आणि ‘एकदा लग्न करून द्या’ म्हणणारी आत्या यांची कुठे नोंदणी होत नाही.

या पुस्तकात धर्म खोटा आणि विज्ञान खरं अशी मांडणी शोधणाऱ्याची निराशा होईल. यातली प्रत्येक चूक आधी विद्यापीठात, दवाखान्यात झाली आहे, आणि पांढऱ्या कोटातल्या माणसांनी ती छातीठोकपणे सांगितली आहे. धर्माचा दोष एवढाच की मूळ मालकानं माल परत मागवला तरी त्यानं तो फळीवरून उतरवला नाही. श्रद्धावान वाचकाशी माझं भांडण नाही. आपल्या मतातलं शास्त्रवचन कुठलं आणि १९६२ चं कुठलं, हे त्याला वेगळं करून बघता यावं एवढ्यासाठी तारखा जरा जास्तच दिल्या आहेत.

फ्रॉइडच्या एका पत्राचं सांगायचं राहिलं. १९३५ मध्ये एका अमेरिकन बाईनं त्याला मुलाविषयी लिहिलं. त्यानं उत्तरात म्हटलं, की तुम्ही पत्रात तो शब्दच टाळला आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हा दुर्गुण नाही, आजारही म्हणता येणार नाही. बदलून देण्याचं वचन मी देऊ शकत नाही, पण तो दुःखी असेल तर विश्लेषणानं त्याला शांतता मिळू शकेल. आईला दोष देणारं त्यात अक्षर नाही. त्या बाईनं ते पत्र जपून ठेवलं आणि पुढे आल्फ्रेड किन्सीकडे पाठवून दिलं. सोबतच्या चिठ्ठीवर तिनं नाव घातलं नाही. एक कृतज्ञ आई, एवढंच. १९५१ मध्ये ते पत्र अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या मासिकात छापून आलं. पुढच्याच वर्षी त्या संघटनेनं मनोविकारांची आपली पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि त्या बाईच्या मुलाला तीत जागा दिली.